‘कॉमन’मधली खरी फाइल कोणती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमची कंपनी ३४ जणांची आहे आणि मी हिशेब विभाग बघते. ऑफिसच्या सगळ्या फाइली २०१३ साली घेतलेल्या एकाच सर्व्हरवर आहेत. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ चालतं, एकेका टेराबाइटच्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे चारही मिळून एका मोठ्या डिस्कसारख्या, लावल्या आहेत आणि प्रत्येकाला तो ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसतो. आत ‘कॉमन’ नावाचं एकच फोल्डर आहे, २.४ टेराबाइट भरलेलं. सगळ्यांना सगळं उघडता येतं, बदलता येतं आणि पुसताही येतं. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी करारांचं एक फोल्डर पुसलं, ते रीसायकल बिनमध्येही सापडलं नाही. गेल्या महिन्यात ग्राहकाला जुन्या दरपत्रकाची प्रत गेली. पगाराची शीट तर नव्याने आलेल्या मुलाने उघडून पाहिली. बॅकअप म्हणून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली आहे. मालक म्हणतात, “इतक्या वर्षांत एकदा बंद पडलेला नाही, कशाला हात लावायचा? जागा कमी पडत असेल तर मोठ्या डिस्क घेऊ.” मला वाटतं सगळं क्लाउडवर न्यावं. लोकांना शिस्त नाही हेही खरं; फाइलींना नावं देण्याचे नियम दोनदा काढले, आठवडाभर टिकले. मी आयटीमधली नाही, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडेच आहे. मालकांना कसं पटवू?

नमस्कार,

मालकांकडे वळण्याआधी तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू: “लोकांना शिस्त नाही.” जुन्या शेअर्ड ड्राइव्हचा निम्मा त्रास लोकांच्या माथी मारला जातो आणि त्यामुळे दुरुस्ती चुकीच्या जागी सुरू होते.

दरपत्रकाचंच बघा. सकाळी दहा वाजता विक्री विभागातल्या एकाने झेडवरचं दरपत्रक उघडलं. त्याच क्षणी एक्सेलने त्याच फोल्डरमध्ये एक छोटी, लपलेली फाइल तयार केली. तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं, आणि मूळ फाइल कुणाकडे उघडी आहे ते तिच्यात नोंदलेलं असतं. साडेदहाला दुसऱ्याने तेच दरपत्रक उघडलं, तर त्याला उत्तर मिळालं की फाइल अमक्याकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. अमका तोवर बैठकीला गेलाय, फाइल उघडी टाकून. दुसऱ्याच्या फोनवर ग्राहक थांबलाय आणि एक दर आत्ताच बदलायचा आहे. तो ‘सेव्ह अ‍ॅज’ करणार आणि नावापुढे ‘नवीन’ लावणार. संध्याकाळी पहिला परत येऊन मूळ फाइल सेव्ह करणार. आता फोल्डरमध्ये दोन दरपत्रकं आहेत, दोन्हीवर आजचीच तारीख, आणि दोन्ही अर्धीच बरोबर. जुनी प्रत ग्राहकाला गेली ती अशाच वाटेने गेली असणार.

‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित २’ ही नावं आळसातून येत नाहीत. दोघांना एका वेळी एकच फाइल लिहू न देणाऱ्या आणि कालचं रूप परत न दाखवणाऱ्या जागेत माणसाने स्वतःपुरती काढलेली ती पळवाट आहे. तुम्ही तिसऱ्यांदा नियम काढलात तरी ते आठवडाभरच टिकतील, कारण अडचण जिथल्या तिथेच राहते.

आता मालकांचं म्हणणं. “एकदाही बंद पडलेला नाही” हे खरं असेलही. पण त्यावरून एवढंच कळतं की बंद पडल्यावर काय होतं ते अजून कुणी पाहिलेलं नाही. तुमच्या चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच खेपेतल्या आणि तितकेच तास फिरलेल्या आहेत. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर काम चालू राहतं. मात्र नवी डिस्क लावल्यावर तिच्यात माहिती भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. वर्षानुवर्षं न वाचलेला भागही त्यात आला. थकलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण नेमका त्या काही तासांत पडतो आणि तेवढ्यात दुसरी गेली की सगळंच जातं. या डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डचीही एक भानगड असते. ते जळलं तर बहुतेक वेळा त्याच कंपनीचं, त्याच जातीचं कार्ड मिळाल्याशिवाय डिस्क वाचता येत नाहीत, आणि इतकं जुनं कार्ड शोधत फिरावं लागतं.

शिवाय विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना वेगळे पैसे भरून घेतलेल्या अपडेटशिवाय ठिगळ मिळत नाही. याच पिढीच्या सर्व्हरवर एसएमबी १ नावाची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत बहुतेक वेळा चालूच सापडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला तो याच पद्धतीतल्या दोषावरून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांची कॉम्प्युटर्स त्याच्या तावडीत सापडली.

म्हणून मोठ्या डिस्क घेण्याची कल्पना मला पटत नाही. जागा वाढेल, पण पुसलेली फाइल तेव्हाही परत येणार नाही, पगाराची शीट तेव्हाही सगळ्यांना दिसेल, आणि दोन दरपत्रकांची चार झालेली असतील.

तुमच्या क्लाउडच्या बाजूनेही माझं पूर्ण मत नाही. ते का, ते पुढे सांगते. आधी या आठवड्यात करायच्या गोष्टी घ्या. क्लाउड येवो वा न येवो, त्या कराव्याच लागतील.

सगळ्यात आधी ती कायम जोडलेली एक्स्टर्नल डिस्क. रॅन्समवेअर ज्या माणसाच्या लॉगिनने घुसतं, त्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथलं सगळं कुलूपबंद करून टाकतं. तुमच्याकडे कुणालाही ‘कॉमन’मध्ये सगळीकडे लिहिता येतं, म्हणजे एका चुकीच्या ई-मेलवर एकाने क्लिक केलं तरी २.४ टेराबाइट जातील. तिथून ते सर्व्हरवर पोचलं तर जोडलेली बॅकअप डिस्कही त्याच फेरीत जाईल. दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक जोडलेली असताना दुसरी काढून ऑफिसच्या इमारतीबाहेर ठेवा आणि दर शुक्रवारी अदलाबदल करा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही पुरतो. डिस्कवर एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी सोय) मात्र चालू करा, नाहीतर पिशवीतून हरवलेली डिस्क हा नवाच घोटाळा होईल.

मग बॅकअपमधून फाइल परत आणून बघा. बॅकअप ‘यशस्वी’ दाखवतो एवढ्यावर विसंबू नका. लांब पत्त्यांच्या फाइली इथे हमखास गळतात. विंडोजमधले बरेच प्रोग्राम ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत २६० अक्षरांच्या आतच चालतात. तुमच्या लोकांना ‘झेड’च्या आत लगेच ‘कॉमन’ दिसतं, म्हणून त्यांनी फोल्डरात फोल्डर करत पत्ता २५० पर्यंत नेला तरी त्यांना काही जाणवत नाही. सर्व्हरवर मात्र तेच फोल्डर दुसऱ्या दोन-तीन फोल्डरांच्या आत असतं. तिथून मोजलं की आकडा २६० च्या पुढे जातो आणि बॅकअपचा जुना प्रोग्राम ती फाइल वगळून पुढे सरकतो. लॉगमध्ये, म्हणजे त्या प्रोग्रामच्या नोंदींत, वगळलेल्या फाइलींची यादी असते. ती वाचा, आणि फोल्डरांत सगळ्यात खोल गेलेलीच एखादी फाइल परत आणून उघडून बघा.

पुसलेल्या करारांबद्दल. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून ते निर्धास्तपणे पुसतात. यावर एक उपाय तुमच्या आत्ताच्याच सर्व्हरवर आहे. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॅडो कॉपीज’ चालू करा; मग ठरलेल्या वेळी ड्राइव्हचं त्या क्षणीचं रूप जपलं जातं. आपोआप मिळणारं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं आहे; दुपारनंतर काम जास्त होत असेल तर ४ वाजताचीही एक वेळ घाला. एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, मग जुन्या गळतात. जागा कमी असेल तर त्या आधीच गळतात, म्हणून आधी थोडी साफसफाई लागेल. त्यानंतर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून कालचं रूप कुणालाही परत घेता येईल. हा बॅकअप नव्हे हे पक्कं लक्षात ठेवा. प्रती त्याच डिस्कवर असतात आणि रॅन्समवेअर बहुतेक वेळा आधी त्याच पुसतं.

एसएमबी १ बंद करायचं, पण एकदम नाही. सर्व्हरवरच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘गेट-एसएमबीसेशन’ ही आज्ञा चालवून ‘डायलेक्ट’चा आकडा पाहता येतो. तो २ पेक्षा कमी असेल तर ते यंत्र जुन्या पद्धतीने बोलतंय. फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारी जुनी स्कॅनर-झेरॉक्स मशीन यात नेहमी सापडतात. मात्र स्कॅन चालू असतानाच ती यादीत दिसतात, म्हणून एकाला मशीनपाशी उभं करा आणि त्याच वेळी आज्ञा चालवा. मशीनला नवं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळतं का बघा, नसेल तर स्कॅन ई-मेलवर पाठवायची सोय लावा. तेही जमत नसेल तर स्कॅनसाठी वेगळा, रिकामा कॉम्प्युटर ठेवा, ज्यावर दुसरं काहीच नसेल. एका स्कॅनरपायी सगळ्या कंपनीचं दार उघडं ठेवू नका.

घरून काम करणाऱ्यांचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण हीच तक्रार घेऊन येणारी बरीच पत्रं असतात, म्हणून इथेच सांगते. व्हीपीएनवरून, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने, झेड ड्राइव्ह रखडतो तो इंटरनेटचा वेग कमी म्हणून नव्हे. एक फाइल उघडायला ही पद्धत सर्व्हरकडे शेकडो छोटे प्रश्न विचारते आणि बऱ्याचदा एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारत नाही. समजा २०० फेऱ्या झाल्या आणि प्रत्येकीला ६० मिलिसेकंद लागले, तर नुसत्या वाट पाहण्यात १२ सेकंद गेले. लाइन दुप्पट वेगाची घेतली तरी ते १२ सेकंद फारसे हलत नाहीत. मग लोक वैतागून फाइल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ई-मेलवर नेतात आणि तिथे तिचं तिसरं रूप जन्माला येतं. कुणी ‘राउटरवर ४४५ पोर्ट उघडा, व्हीपीएनची कटकट नको’ असं सुचवलं तर साफ नाही म्हणा; ते फाइल शेअरिंगचं दार थेट इंटरनेटवर उघडणं आहे.

आता पगाराची शीट. आत्ता तुमच्याकडे ‘एव्हरीवन’ला बहुधा ‘फुल कंट्रोल’ आहे. फुल कंट्रोल म्हणजे नुसतं वाचणं-लिहिणं नव्हे, परमिशन बदलण्याचीही मुभा. रोजच्या कामाला ‘मॉडिफाय’ पुरतं आणि कित्येकांना तर नुसतं ‘रीड’. माणसामाणसाला परमिशन देऊ नका, गट करा: हिशेब, विक्री, मनुष्यबळ. माणूस विभाग बदलला की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात टाकायचं, फोल्डरला हात लावायचा नाही. परमिशन वरच्या पातळीवर किंवा फार तर त्याखालच्या एका पातळीवर ठेवा. सातव्या फोल्डरात खोल कुठेतरी दिलेली खास परवानगी दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

परमिशन दोन जागी असतात, शेअरवर (नेटवर्कवर वाटून दिलेल्या जागेवर) आणि आतल्या फोल्डरवर, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी कडक असेल ती लागू होते. दोन्हीकडे खटपट केली की गोंधळ होतो. म्हणून शेअरवर सैल ठेवा आणि खरं नियंत्रण फोल्डरवर करा. ‘अ‍ॅक्सेस बेस्ड एन्युमरेशन’ चालू केलंत तर ज्याला उघडता येत नाही त्याला ते फोल्डर दिसणारच नाही, “मला हे का उघडत नाही?” असे फोनही कमी होतात. एक गोष्ट मात्र फसवते. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्टने हलवलेली फाइल पुष्कळदा जुन्या फोल्डरची परमिशन सोबत घेऊन येते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरची घेते. पगाराची शीट बंद फोल्डरमध्ये नेताना ती कॉपी करा, दुसऱ्या लॉगिनने उघडून बघा, मगच मूळ पुसा. सगळ्या कॉम्प्युटरवर ‘ऑफिस’ असं एकच लॉगिन असेल तर यातलं काहीच साधणार नाही. करार कुणी पुसले हे न कळण्याचं कारणही बहुधा तेच असेल. त्यामुळे प्रत्येकाला वेगळं लॉगिन आधी द्या.

आता तुमचा क्लाउड. रोज चार जण हात लावतात अशा कागदांसाठी, म्हणजे दरपत्रक, करारांचे मसुदे, नियोजनाच्या शीट यांसाठी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे दोघं एकाच वेळी लिहू शकतात आणि जुनी रूपं आपोआप जपली जातात. ‘अंतिम सुधारित २’ची गरजच उरत नाही. फक्त जुन्या एक्सएलएस स्वरूपातल्या शीट आधी एक्सएलएसएक्समध्ये बदला, नाहीतर एकत्र लिहिता येणार नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल मात्र क्लाउडच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या, फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. सिंक फाइल बहुधा बंद झाल्यावरच नीट उचलतं, आणि डेटाबेस दिवसभर उघडा असतो, त्याचे तुकडे क्षणाक्षणाला बदलत असतात. दोन कॉम्प्युटरवर दोन अर्धवट रूपं तयार होतात, आणि खतावणी जुळेनाशी होते तेव्हाच ते लक्षात येतं. ती फाइल ऑफिसातल्याच नव्या सर्व्हरवर राहू द्या. मोठी ड्रॉइंग, व्हिडिओ, फोटो यांना नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, चांगला. घेताना दोन डिस्क गेल्या तरी तगणारी मांडणी घ्या, स्नॅपशॉटची (जुनं रूप जपण्याची) सोय बघा, आणि त्याचं सेटिंगचं पान इंटरनेटवरून उघडेल असं ठेवू नका.

आणि क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये पुसलेली फाइल ९३ दिवस परत मिळते, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस. वर्षअखेरीची शीट वर्षातून एकदाच उघडली जाते. ती मे महिन्यात पुसली गेली तर मार्चपर्यंत कुणाला कळणारही नाही. त्यामुळे क्लाउडमधल्या फाइलींचाही बॅकअप दुसरीकडे घ्या.

सगळं एकदम हलवायचा मोह टाळा. २.४ टेराबाइट २० मेगाबिटच्या अपलोडवर चढवायला अखंड अकरा दिवस लागतात, तेही दुसरं कुणी इंटरनेट न वापरता. आधी विनडरस्टॅटसारख्या फुकट प्रोग्रामने जागा कुणी खाल्ली ते बघा. तीन वर्षांत न बदललेल्या फाइली वेगळ्या काढा. त्यासाठी ‘मॉडिफाइड’ची तारीख बघा, ‘अ‍ॅक्सेस्ड’ची नको, विंडोज ती बहुधा नोंदवतच नाही. मग एकेक विभाग घ्या. पहिली कॉपी आठवड्यात सावकाश, शुक्रवारी संध्याकाळी उरलेल्या बदलांची कॉपी, आणि सोमवारपासून जुनं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं. ते लगेच पुसू नका, निदान तीन महिने तसंच ठेवा.

कॉपीसाठी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा उत्तम. पण तिचा ‘मिरर’ पर्याय जपून वापरा. जे मूळ जागी नाही ते तो दुसऱ्या जागेवरूनही पुसतो, आणि दोन पत्ते उलटे दिले गेले तर रिकाम्या फोल्डरची नक्कल भरलेल्यावर होते. आधी नुसती यादी दाखवणारा पर्याय लावून बघा, लॉग वाचा, मगच खरी कॉपी करा. एक्सेलमधल्या ज्या शीट दुसऱ्या शीटमधून आकडे ओढतात, त्यांच्यात ‘झेड’चा पत्ता कोरलेला असतो. क्लाउडवर नेल्यावर ते दुवे तुटतात. हिशेब विभाग तुमचाच आहे, तेव्हा अशा शीटची यादी आधीच करून ठेवा आणि तो विभाग सगळ्यात शेवटी हलवा.

आता मालकांचं. “सर्व्हर जुना झालाय” म्हणालात तर ते “चालतोय ना” म्हणतील. त्याऐवजी एक फाइल त्यांनाच निवडायला सांगा, मागच्या महिन्यातली. ती बॅकअपमधून परत आणताना त्यांच्यासमोर घड्याळ लावा. वीस मिनिटं लागली, तीन तास लागले किंवा मिळालीच नाही, जे होईल ते लिहून ठेवा. मग दोनच प्रश्न विचारा: हा ड्राइव्ह उद्या बंद पडला तर किती दिवस काढता येतील? आणि किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आकडे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ‘एक दिवस’ म्हणाले आणि चाचणीत चार दिवस निघाले, तर मधल्या तीन दिवसांसाठी काय घ्यायचं यावर बोलणं होईल. नवा सर्व्हर की क्लाउड हा वाद त्यानंतर बराच सोपा होतो. नकारच आला तरी वर सांगितलेली या आठवड्याची कामं करता येतील. त्यात दोन डिस्क सोडल्या तर विकत घ्यायचं काही नाही.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकट्या तुमच्याकडे असणं हाही याच साठवणुकीचा एक दोष आहे. तुम्ही आजारी पडलात की डिस्क ठीक असूनही सर्व्हर बंद असल्यासारखाच. पासवर्ड, रेडची मांडणी, बॅकअप कुठे ठेवलाय आणि एन्क्रिप्शनची किल्ली हे सगळं एका कागदावर लिहा, पाकिटात बंद करून मालकांच्या तिजोरीत ठेवा, आणि पासवर्ड बदलाल त्या दिवशी कागदही बदला. रोजच्या कामासाठी स्वतःला साधं लॉगिन करून घ्या. अ‍ॅडमिनचं लॉगिन फक्त सर्व्हरवर काही करायचं असेल तेव्हाच, आणि त्यावरून ई-मेल कधीही उघडू नका.